मिलो, सुकडी आणि मस्टर

सोलापूर, बीड, नगर, सांगली या भागातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणापुढेही नुसतं 'बहात्तर' म्हणा; पुढे 'दुष्काळ' असं सांगावं लागत नाही. आधी मिलोची गोष्ट निघते. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगड बसायचा. मग कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची आठवण. मग खडी फोडून हाताला पडलेले घट्टे आणि हजेरीच्या मस्टरवरचा अंगठा. हे सगळं ऐकून नातू शेवटी विचारतो, "मग आपल्या गावात किती माणसं मेली?" आजी बुचकळ्यात पडते. जनावरं मेली, कवडीमोलानं विकली. विहिरी आटल्या. निम्मं गाव मुंबई-पुण्याला गेलं. पण माणसं? "माणसं कशी मरतील? कामं निघाली होती की."

आजीला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पण कामं आपोआप निघत नाहीत. १९४३ मध्ये बंगालमध्ये ती वेळेवर निघाली नाहीत. १९७३ मध्ये, म्हणजे आजी खडी फोडत होती त्याच वर्षी, इथिओपियाच्या वोलो प्रांतात निघाली नाहीत, आणि तिथे माणसं रस्त्याच्या कडेला पडून मेली. आपल्याकडे ती कुणी काढली, का काढली, आणि काढली नसती तर त्या माणसाचं काय बिघडलं असतं? गरीब देशांत राज्यकारभाराची घडी माणसाच्या ताटापर्यंत कशी पोहोचते हे बघायचं, तर याहून चांगला प्रश्न सापडणार नाही.

१. बाजारात पोती, घरात चूल थंड

दुष्काळ म्हटलं की आपण सरळ साखळी जोडतो. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून धान्य नाही, आणि धान्य नाही म्हणून मरण. या साखळीतली शेवटची कडी कच्ची आहे. ती तपासायला एक लहानसा हिशेब करू. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत.

समजा, एका शेतमजुराला दिवसाला तीन रुपये मिळतात, महिन्यात पंचवीस दिवस काम असतं आणि ज्वारी रुपया किलो आहे. महिन्याचे पंचाहत्तर रुपये, म्हणजे पंचाहत्तर किलो ज्वारीची ऐपत. आता पाऊस दगा देतो. तालुक्याचं पीक एक तृतीयांशानं घटतं. दोन हिस्से अजून शाबूत आहेत. पण खुरपणी नाही, काढणी नाही, त्यामुळे मजुराला महिन्यात पाचच दिवस काम मिळतं. पंधरा रुपये. तेवढ्यात व्यापारी माल दाबून ठेवतात आणि ज्वारी दोन रुपयांवर जाते. पंधरा रुपयांत साडेसात किलो. तालुक्यातलं धान्य एक तृतीयांशानं कमी झालं; त्याच्या घरातलं मात्र दहाव्या हिश्श्यावर आलं. अडत्याच्या गोदामात पोती आहेत, त्याच्या खिशात ती उचलण्याचं बळ नाही.

शेतावर न राबणारेही यातून सुटत नाहीत. टंचाई आली की लोक केस कापणं महिनाभर लांबवतात, जोडा फाटला तर अनवाणी चालतात, मडकं फुटलं तर डब्यावर भागवतात. केस कापणारा, जोडे शिवणारा, मडकी घडवणारा यांनी एक दाणाही पेरलेला नसतो, तरी पीक बुडाल्यावर तेही बुडतात, आणि पुष्कळदा शेतकऱ्याच्या आधी.

हे सगळ्यात स्पष्टपणे मांडलं अमर्त्य सेन यांनी, १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात. बंगालचा दुष्काळ पडला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. सेन यांच्या हिशेबानुसार १९४३ मध्ये बंगालमध्ये १९४१ पेक्षा कमी धान्य नव्हतं, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ नव्हता. या हिशेबावर अजून वाद चालतो. पण युद्धाच्या पैशानं भाव भडकले, शहरातल्यांना धान्य पुरवलं गेलं आणि गावातल्या मजुराची मजुरी होती तिथेच राहिली, यावर फारसं दुमत नाही. वोलोची कथा याहून चमत्कारिक. तिथल्या डेसी शहरात धान्याचे भाव फारसे चढलेच नाहीत, कारण घ्यायला कुणाकडे पैसाच नव्हता. उपाशी प्रांतातून धान्य बाहेर, राजधानीकडे चाललं होतं.

म्हणजे उपाय सरळ आहे. भूक हाडांपर्यंत पोहोचायच्या आत माणसाच्या हाती मजुरी पडली पाहिजे आणि बाजारात धान्य आलं पाहिजे. हे इंग्रज अधिकाऱ्यांनाही १८८० मध्येच ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट काही सरकारं करतात आणि काही करत नाहीत. पुढची सगळी चर्चा त्याबद्दल आहे.

२. कणगी भरलेली आहे, मालक

एक मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. मालक तापट. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी शिव्या, मग हकालपट्टी. एक वर्ष पीक कमी येतं. मुनीम मनाशी म्हणतो, कणगी निम्मी रिकामी आहे हे मी कशाला सांगू? तो सांगतो, भरलेली आहे. मालक खूश होतो आणि भरलेल्या कणगीच्या भरवशावर लेकीच्या सासरी वीस पोती पाठवतो, देवळाला दहा देतो. फाल्गुनात वाड्यातली गडीमाणसं उपाशी राहतात आणि मालक म्हणतो, यांनी धान्य लपवलंय, झडती घ्या.

१९५८ ते १९६१ मध्ये चीनमध्ये थोडक्यात हेच झालं. 'मोठी झेप' म्हणून मोहीम निघाली होती. सामुदायिक शेती, घरोघरी पोलादाच्या भट्ट्या, आणि विक्रमी पिकांचे दावे. एका परगण्यानं दुप्पट पीक सांगितलं की शेजारच्यानं चौपट सांगायचं. सरकारनं या फुगवलेल्या आकड्यांवर आपला हिस्सा उचलला. १९५९ मध्ये तर चीन चाळीस लाख टनांहून अधिक धान्य निर्यात करत होता. त्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी माओंना पत्र लिहून हे चुकतंय असं कळवलं. पेंग यांचं पद गेलं. बाकीच्यांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि पुढची दोन वर्षं आणखी भीषण गेली. मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. यातली मेख अशी की चीनच्या राज्यकर्त्यांना शेतकऱ्यांना मारायचं नव्हतं. वर बसलेल्यांना आपण काय करतोय हे कळण्याचे सगळे रस्ते त्यांनी स्वतःच बुजवले होते.

इथिओपियात तर हाच खेळ दोनदा झाला. १९७३ मध्ये सम्राट हैले सेलासी यांच्या दरबारानं वोलोतली उपासमार झाकून ठेवली. जोनाथन डिम्बलबी या ब्रिटिश पत्रकाराच्या चित्रफितीनं ती जगासमोर आली. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये लष्करानं सम्राटाला पदच्युत केलं. त्याआधी तीच चित्रफीत इथिओपियाच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, मध्ये मध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांची दृश्यं घालून. भुकेच्या बातमीनं राजा पडतो हे ज्या लोकांनी स्वतः करून दाखवलं, त्यांनी पुढे काय करावं? १९८४ मध्ये त्याहून मोठा दुष्काळ पडला तेव्हा लष्करी सत्ताधीश मेंगिस्तूंची राजवट क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसाच्या रोषणाईत गुंतली होती, आणि तो सोहळा उरकेपर्यंत उत्तरेकडच्या छावण्यांची वाच्यता नको होती. ऑक्टोबरमध्ये बीबीसीनं त्यांतल्या कोरेमच्या छावणीची दृश्यं दाखवली. तोवर फार उशीर झाला होता. निदान चार लाख माणसं गेली, काहींच्या मते दहा लाख.

बंगालमध्येही बातमी बाहेर काढली ती एका संपादकानं. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चे इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. युद्धकाळातल्या सेन्सॉरच्या नियमांत शब्दांवर बंधनं होती. छायाचित्रांबद्दल तशी स्पष्ट मनाई नव्हती, ही फट त्यांनी हेरली. दिल्ली आणि लंडन त्यानंतर हललं. बंगालमध्ये तेव्हा मंत्रिमंडळ होतं, हे खरं. पण मताचा हक्क थोड्यांनाच होता, आणि धान्याची जहाजं कुठे वळवायची हे लंडनमध्ये ठरत होतं. तिथल्या मंत्र्यांना मिदनापूरच्या मजुराकडे मत मागायला कधीच जायचं नव्हतं.

३. सरकारच्या हातात बांधलेली दोरी

आता आजीकडे येण्याआधी एका जुन्या वहीकडे जावं लागेल.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास भागात हाहाकार झाला. अर्ध्या कोटीहून अधिक माणसं गेली. खर्च वाचवायला सरकारनं सर रिचर्ड टेम्पल यांना पाठवलं आणि त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यापर्यंत, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले. उपाशी माणसानं केलेला हा संप पुण्याच्या सार्वजनिक सभेनं उचलून धरला. गावोगावची खबर गोळा करायची, ती नीट इंग्रजीत लिहायची आणि सरकारदरबारी पाठवायची, हा सभेचा शिरस्ता होता. आजच्या भाषेत तिला बातमीची समांतर वाहिनी म्हणता येईल.

या अनर्थानंतर नेमलेल्या आयोगानं १८८० मध्ये दुष्काळ संहितेचा आराखडा दिला आणि पुढच्या काही वर्षांत प्रांतोप्रांती संहिता तयार झाल्या. कल्पना मोठी शहाणपणाची होती. धोक्याच्या खुणा आधीच लिहून ठेवायच्या: भाव चढणं, लोकांचे लोंढे निघणं, भीक वाढणं. खुणा दिसल्या की कलेक्टरनं चाचणीसाठी एक काम उघडायचं. माणसं आली तर कामं वाढवायची, नाही आली तर बंद करायची. खरा गरजू कोण हे ठरवायला दाखले लागत नाहीत. रणरणत्या उन्हात दिवसभर दगड फोडायला ज्याच्या घरात दाणे आहेत तो येतच नाही.

आपली आणेवारी, नंतरची पैसेवारी, याच वळणाची. पूर्ण पिकाला रुपया मानायचं आणि यंदाचं पीक किती पैशांचं ते पाहायचं. पन्नास पैशांच्या खाली गेलं की सवलती लागू. म्हणूनच पैसेवारीच्या आकड्यावरून गावागावांत आजवर एवढी भांडणं झाली. एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांतला फरक शेतात दिसत नाही, कागदावर मात्र त्यानं वर्षाचं नशीब बदलतं.

संहिता सरकारनं आपल्या अधिकाऱ्यांसाठी लिहिली होती. पण एकदा छापलेली गोष्ट कुणीही वाचू शकतो. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना सांगायला सुरुवात केली की सारा तहकूब करणं, कामं काढणं ही सरकारची मेहेरबानी नाही, सरकारच्याच पुस्तकात लिहिलेला नियम आहे. सार्वजनिक सभेची माणसं हे सांगत खेड्यांतून फिरली. सरकारला हे इतकं झोंबलं की १८९७ मध्ये त्यानं सभेची मान्यता काढून घेतली.

नियम किती जड असतो हे नियम न पाळणाऱ्यांकडून जास्त कळतं. १९४३ मध्ये बंगालच्या गव्हर्नरांनी दुष्काळ जाहीरच केला नाही. कारण असं की संहिता लागू केली तर तिच्यात लिहिलेला शिधा द्यावा लागेल, आणि तेवढं धान्य हाती नव्हतं. दोरी हाताला आवळेल म्हणून वहीच उघडली नाही. वहीबरोबर ती उघडायला भाग पाडणारा कुणीतरी लागतो, तो तिथे नव्हता.

आपणही या बाबतीत फार शहाणे आहोत असं नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्रानं एक स्वतंत्र कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला. त्या जागी आली 'टंचाई'. 'टंचाईसदृश परिस्थिती' हा सरकारी मराठीचा अलंकार त्याच घराण्यातला. शब्द काढल्यानं पाऊस पडत नाही. पण इतकं मान्य करायला हवं की या कायद्यामागे एक जाहीर हमी होती: आता इथे माणसं भुकेनं मरण्याची वेळ येऊ देणार नाही.

४. सात माणसांत एक

१९७० पासून महाराष्ट्रात पाऊस हुलकावणी देत होता. १९७२ मध्ये त्यानं कहर केला. धान्याचं पीक नेहमीच्या निम्म्यावर आलं. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ ड्रेझ यांनी नंतर आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी महाराष्ट्रात माणशी उपलब्ध धान्य आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यापेक्षाही कमी होतं, आणि त्याच काळात साहेलमध्ये लोक मरत होते.

मग इथे काय झालं? मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ही मुलं आणि म्हातारे धरूनही दर सात माणसांत एक माणूस खडीवर, रस्त्यावर, नालाबंडिंगवर किंवा पाझर तलावाच्या भिंतीवर होता. मजुरी किरकोळ होती, मोजमाप घेऊन मिळायची आणि वेळेवर मिळायचीच असं नाही. पण एका घरातली तीन माणसं कामावर गेली की चूल पेटत होती. रेशनवर मिलो मिळत होती, कामावर सुकडी. मजुरांच्या हाती पैसा आहे म्हटल्यावर धान्यही दुसऱ्या भागांतून वाट काढत येत होतं, कधी राजरोस, कधी रात्रीच्या अंधारात नाका चुकवून.

सगळं गोड नव्हतं. मृत्युदर त्या काळात काहीसा वाढला होता, असं लोकसंख्येच्या अभ्यासकांनी पुढे दाखवलं. मस्टरवर मेलेल्यांची आणि परगावी गेलेल्यांची नावं चढत. मुकादम, ओव्हरसिअर यांचे हिस्से ठरलेले असत. फोडलेल्या खडीचे ढीग वर्षानुवर्षं रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, ते तर अनेकांनी पाहिलेत. तरीही बंगाल झाला नाही.

कारण विचारलं की झटकन उत्तर येतं: निवडणुकांची भीती. थांबा. इथे एक अडचण आहे. विधानसभेची निवडणूक मार्च १९७२ मध्येच उरकली होती आणि काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा घेतल्या होत्या. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारला पुढची पाच वर्षं मतपेटीची चिंता करण्याचं कारण नव्हतं. भीती होती ती रोजची. तहसील कचेरीवर मोर्चा आला, कामावरच्या मजुरांनी घेराव घातला, की त्याची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायची आणि अधिवेशनात तिच्यावर प्रश्न पडायचा. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट यांना जागा थोड्या असल्या तरी मजुरांत त्यांची माणसं होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या होत्या, त्यामुळे तालुक्याचा पुढारी थेट मंत्र्याला धरायचा: माझ्या गटात कामं का नाहीत? त्यात नाईकांनीच १९६५ मध्ये सांगून ठेवलं होतं की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर शनिवारवाड्यासमोर फासावर जाईन. असली वाक्यं विरोधक जन्मभर जपून ठेवतात.

मतपेटी पाच वर्षांनी एकदा उघडते. उपाशी माणूस तोवर थांबू शकत नाही. या दोहोंमधलं अंतर भरून काढणाऱ्या साध्यासुध्या गोष्टी, म्हणजे मोर्चा, पेपरातला वार्ताहर, तारांकित प्रश्न, जिल्हा परिषदेचा सदस्य, त्यांना राज्यशास्त्राच्या पुस्तकांत कमी जागा मिळते, हा माझा जुना आक्षेप आहे.

५. पगाराच्या चिठ्ठीवरचे दोनशे रुपये

दुष्काळ संपला की कामं बंद होतात. हे एका माणसाला खटकत होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे गांधीवादी गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की शेतमजुराला दरवर्षीच दोन-चार महिने दुष्काळ असतो. पाऊस चांगला झाला तरी असतो. मग काम मागणं हा त्याचा कायमचा हक्क का नसावा? साठच्या दशकाच्या शेवटी तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला, १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर झाली, १९७७ मध्ये विधिमंडळानं एकमतानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मजुरानं काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता.

कायदा करणं सोपं असतं, तिजोरीचं काय? इथे पागे यांच्या योजनेची खरी कारागिरी दिसते. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. उसाच्या खरेदीवर, मोटारींवर, बागायतीवरही थोडा थोडा भार टाकला. जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपली घालायची. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे अडीच हजार. तो हाच कर. तो कशासाठी सुरू झाला हे ज्यांच्या पगारातून तो कापला जातो अशा दहांपैकी एकालाही सांगता येईल की नाही, मला शंका आहे.

मध्यमवर्गानं आणि बागायतदारांनी हे कबूल कसं केलं? नुसत्या करुणेनं नाही. मुंबई-पुण्याकडे येणारे लोंढे गावातच थांबले तर शहराला हवंच होतं. पाझर तलाव आणि नालाबंडिंगनं विहिरींचं पाणी वाढायचं, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. १९९० मध्ये फळबाग लागवड याच योजनेला जोडली गेली आणि मजुरांच्या पैशातून डाळिंब, बोर, आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. मजुराला मजुरी मिळाली, जमीनवाल्याला बाग. याला कुणी भ्रष्ट तडजोड म्हणेल. मला ती योजनेच्या दीर्घायुष्याची किल्ली वाटते, कारण फक्त दुबळ्यांच्या फायद्याची योजना पहिल्याच काटकसरीत कापली जाते. बेकारी भत्ता मात्र क्वचितच कुणाच्या हाती पडला. त्याच्यासाठी भांडणारा बागायतदार नव्हता. २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, तो या अनुभवावरच उभा होता.

६. कालाहारीच्या कडेला

हे फक्त आपलंच कौतुक वाटू नये म्हणून बोट्सवानाकडे एक नजर टाकू. कालाहारी वाळवंटानं व्यापलेला हा देश १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोजला जात होता. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. १९८२ पासून सलग पाच-सहा वर्षं तिथे दुष्काळ पडला आणि उपासमारीचे बळी पडले नाहीत. हिऱ्यांचा पैसा हाताशी होता, हे आहेच. पण हिरे सिएरा लिओनकडेही होते, आणि तिथे त्यांनी यादवी पोसली.

बोट्सवानात एकच पक्ष स्वातंत्र्यापासून २०२४ पर्यंत सत्तेत राहिला. तरी दर पाच वर्षांनी निवडणूक झाली आणि लोकांना तोंड उघडायची मुभा राहिली. गावोगावी 'खोत्ला' नावाची चावडी असते. तिथे मंत्र्यालाही खाली बसून ऐकून घ्यावं लागतं. दुष्काळात रोजंदारीची कामं निघाली, शाळांत आणि दवाखान्यांत मुलांना जेवण मिळालं. आणखी एक साधी गोष्ट तिथे होती: दवाखान्यांत लहान मुलांची वजनं नियमित घेतली जात आणि त्यांचे आकडे वर कळवले जात. कुठल्या भागात काटा खाली येतोय हे पाहून मदत कुठे न्यायची ते ठरे.

७. जी भूक आरडाओरडा करत नाही

हा काटा आपल्याकडे कुठे होता?

सेन आणि ड्रेझ यांनी एक हिशेब मांडला आहे, तो गिळायला जड जातो. चीनमध्ये त्या तीन वर्षांत कोट्यवधी माणसं गेली. पण त्यानंतर चीननं आरोग्य आणि अन्नाची जी घडी बसवली, तिच्यामुळे तिथला नेहमीचा मृत्युदर भारतापेक्षा बराच खाली आला. दोन्हींतला फरक मोजला तर दर आठ वर्षांनी भारतात तितकीच जास्तीची माणसं मरत होती, एकही दुष्काळ न पडता. त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही. तारांकित प्रश्नही पडला नाही.

दुष्काळातला माणूस एकाच महिन्यात, एकाच रस्त्यावर, शेकड्यांनी मरतो; त्याचं छायाचित्र निघतं. मेळघाटातलं सव्वा किलो वजनाचं बाळ झोपडीत एकटं मरतं, आणि नोंदवहीत कारण येतं न्यूमोनिया किंवा हगवण. तिथल्या चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांची नावं नव्वदच्या दशकापासून दर पावसाळ्यात पेपरात येतात, उच्च न्यायालयात याचिका होतात, मंत्र्यांचे दौरे होतात, आणि पाऊस उघडला की गाड्या परत फिरतात. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालानं दाखवलं की राज्यात होणाऱ्या बालमृत्यूंचा फार थोडा भाग सरकारी नोंदीत येतो. बाकीची मुलं जन्मल्याचीही नोंद नाही आणि गेल्याचीही. कणगी भरलेली आहे, मालक. फरक इतकाच की इथे मुनिमाला मालकाची दहशत नव्हती. पण कमी मृत्यू दाखवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, जास्त दाखवणाऱ्याला नोटीस येते.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी मोजणी. गावातल्याच बायांना शिकवून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपायचा. मग त्याच बायांनी नवजात बाळाचं वजन घ्यायचं, त्याला उबेत ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरी जातात. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर सहा भेटी, घरी जन्मलं असेल तर सात. पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. त्याआधीच्या पाहणीतही आकडा साधारण एवढाच होता. नवजात बाळांची वजनं ज्यांच्या वहीतून वर जातात त्या आशा कार्यकर्त्यांना पगार नाही, मोबदला आहे. कागदोपत्री त्या स्वयंसेविका. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा याच मोबदल्यासाठी संप करून आझाद मैदानावर बसल्या होत्या. मस्टरवर त्यांचं नाव नसतं.